डोंगरासाठी गोधडी

शहर संपतं तिथे एक डोंगर आहे. तो मूळचा नाही. घराघरातून निघालेल्या कचऱ्याचा तो डोंगर, एका अख्ख्या पिढीने रचलेला. आता तिथे गाड्या येत नाहीत. वजनकाटा गंजला, घारी दुसरीकडे गेल्या, फाटकाला साखळी लागली. पण कचरा टाकायचं थांबलं म्हणजे काम संपलं असं होत नाही. वर पाऊस पडतो, तो आत मुरतो, आतल्या सडक्यातून झिरपत काळा होतो आणि पायथ्याशी बाहेर येतो. पायथ्याला वस्ती आहे आणि वस्तीत एक हातपंप आहे. म्हणून बंद झालेल्या डोंगराला शेवटचं पांघरूण घालावं लागतं. एकदाच, कायमचं. ते कसलं असावं हे ठरवायचं काम भाऊंच्या गळ्यात पडलं होतं.

भाऊ कचरा खात्यात इंजिनिअर होते. त्यांना सगळं खातं भाऊ म्हणायचं, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. त्यांची बायको उद्यान खात्यात, रोपवाटिकेची प्रमुख. म्हणजे एकाच इमारतीत, एक खालच्या मजल्यावर आणि एक वरच्या. सकाळी एकाच स्कूटरवरून यायची दोघं आणि भांडतच उतरायची.

भांडण पांघरुणाचंच असायचं. भाऊंचं म्हणणं, डोंगरावर चिकणमाती दाबून बसवा, तिच्यावर जाड प्लास्टिकची चादर अंथरा, जोड वितळवून पक्के करा, वर हातभर माती टाका आणि गवत लावा. पाण्याचा थेंब आत जाता कामा नये. फक्त त्यावर झाडं लावता येत नाहीत, कारण मूळ चादरीला भोक पाडतं. बायकोचं म्हणणं वेगळं. पुरुषभर उंचीची भुसभुशीत माती टाका, तिच्यात झाडं-झुडपं लावा. पडेल तो पाऊस माती धरून ठेवील आणि झाडं तो पिऊन टाकतील. खाली काही उरलंच नाही तर झिरपेल काय?

"तुम्ही डोंगराला रेनकोट घालताय," ती म्हणायची. "आत घामाघूम होऊन मरेल बिचारा."

"आणि तू गोधडी पांघरणार. भिजली की वाळवत बस मग जन्मभर."

"गोधडीत निदान झोप लागते. रेनकोट घालून कोणी झोपतं का?"

हे शब्द खात्यात पसरले. दोन्ही खात्यांवरच्या मोठ्या मॅडमसुद्धा बैठकीत विचारायच्या, "काय भाऊ, रेनकोट की गोधडी?"

शेवटी मॅडमनीच तोड काढली. डोंगराच्या माथ्यावर दोन वाफे करा, शेजारी शेजारी. एकावर भाऊंचं पांघरूण, एकावर त्यांच्या बायकोचं. दोन पावसाळे बघा, मग ठरवू. दोन्ही वाफ्यांच्या तळाशी पत्र्याचं पसरट तबक बसवलं. पांघरुणातून जे पाणी निसटेल ते तबकात पडणार, तिथून नळीने उतारावरच्या खड्ड्यातल्या पिंपात जाणार. ज्याच्या पिंपात पाणी कमी, ते पांघरूण चांगलं. उन्नीस-बीसच फरक निघाला तर झाडं, कारण ती सगळ्यांनाच हवी होती. दर सोमवारी भाऊंनी पिंपात पट्टी बुडवून पाणी मोजायचं आणि मग पिंप रिकामं करायचं. साधा हिशेब.

त्या दिवशी घरी बायकोने पैज लावली. "हरेल त्याने जन्मभर सकाळचा चहा करायचा."

"म्हणजे तुझी सुटका नाही," भाऊ म्हणाले. चहा आजवर तीच करायची.

"बघू या ना, इंजिनिअरसाहेब."

तिने आपल्या वाफ्यावर कण्हेर लावली, थोडी बाभूळ लावली, आणि मधोमध एक तुती. तुतीवर तिचा फार जीव होता. दर शनिवारी ती डोंगर चढून यायची, पदर खोचून प्रत्येक रोपापुढे बसायची, खोडावर अंगठ्याचं नख ओढायची आणि साल थोडी सोलून बघायची. आत हिरवं दिसलं की पुढच्या रोपाकडे. फाटकावरचे मामा तिच्या मागे झारी घेऊन फिरायचे. मामांनी आयुष्यभर ह्या डोंगराची राखण केली होती. कचऱ्याशिवाय दुसरं काही वर चढताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तुतीला पहिलं पान फुटलं तेव्हा ते फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, जसं काही घरात नातू झाला.

पहिल्या पावसाळ्यात गोधडीचं पिंप चांगलंच भरलं. रेनकोटचं जवळजवळ कोरडं. भाऊ मिशीत हसले. ती म्हणाली, "हसू नका. झाडं लहान आहेत, अजून त्यांची मुळं वीतभर गेली नाहीत. पुढच्या पावसाळ्यात बोला."

पुढचा पावसाळा तिने पाहिला नाही. थंडीत ताप आला, अंगावर काढला, मग इस्पितळात ठेवलं. डॉक्टर रोज वेगळं काही तरी सांगत राहिले, आणि एका दुपारी सांगायचे थांबले. शुद्धीवर होती त्या शेवटच्या भेटीत ती घराबद्दल बोलली नाही, लेकीबद्दल नाही. म्हणाली, "मामांना सांगा, तुतीला फार पाणी नको. पाणी जास्त झालं तर मुळं वरच राहतात, आळशी होतात." मामा तिथेच दाराशी उभे होते, टोपी हातात धरून. तिने त्यांच्याकडे बघून मान हलवली. "झाडं सांभाळा हं मामा," एवढंच म्हणाली.

घर रिकामं झालं की माणूस काय करतो? भाऊ चहा करायला शिकले. पहिले काही दिवस कडू व्हायचा, मग बरा व्हायला लागला. दोन कप ठेवायची सवय मात्र गेली नाही. एक कप पुन्हा फडताळात ठेवताना दर सकाळी थोडा वेळ जायचा. लेक दूर नोकरीला, तिचा रोज फोन.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो."

"काय?"

"जेवणच."

"बाबा, खोटं बोलता येत नाही तुम्हाला. आई म्हणायची ते खरं आहे."

मग पाऊस आला. पहिल्या सोमवारी भाऊंनी गोधडीच्या पिंपात पट्टी घातली आणि चष्मा पुसून पुन्हा घातली. पाणी घोट्याएवढंसुद्धा नव्हतं. पुढच्या सोमवारी तसंच. आठवडाभर झोडपून पाऊस पडला तरी पिंपाच्या तळाशी थोडंसंच पाणी. वर तुती भाऊंच्या खांद्याला लागली होती, कण्हेरीला फुलं होती. झाडं खरंच पीत होती पाणी.

त्या संध्याकाळी घरी येऊन भाऊ भिंतीवरच्या तसबिरीसमोर उभे राहिले. बायको गेल्यापासून ते तिच्याशी बोलले नव्हते. तसबिरीशी बोलणारी माणसं त्यांना खुळी वाटत. पण त्या दिवशी बोलले. "जिंकत्येस गं तू," म्हणाले. आणि मग दर सोमवारचा तो नेमच झाला. बूट काढायचे, हात धुवायचे, तसबिरीसमोर जायचं आणि पिंपात किती पाणी होतं ते तिला सांगायचं. सोमवार आला की त्यांना उठावंसं वाटे. बाकीच्या दिवसांबद्दल न बोललेलं बरं.

रविवार सगळ्यात वाईट. सुट्टीचा दिवस, रिकामं घर, शेजारच्या घरातून हसण्या-बोलण्याचे आवाज. पावसाळा उताराला लागला होता तेव्हाच्या एका रविवारी दुपारी भाऊंना घरात बसवेना. स्कूटर काढली आणि डोंगरावर गेले. फाटक नुसतं लोटलेलं होतं. मामा कुठे दिसले नाहीत, वस्तीत काही आणायला गेले असतील. भाऊ वर चढले. तुतीची पानं वाऱ्याने उलटीसुलटी होत होती. थोडा वेळ ते तिच्यापाशी बसले. मग काही काम नव्हतं म्हणून, हाताला चाळा म्हणून, खड्ड्यात उतरून त्यांनी गोधडीच्या पिंपाचं झाकण उचललं.

पाणी अर्ध्या पिंपाच्या वर होतं.

भाऊंनी झाकण तसंच धरून ठेवलं. हात आत घातला. कोपरापर्यंत बुडाला. बाहेर काढून बघितला, जसं काही हाताला खरं कळेल. मग झाकण ठेवलं, हात पँटला पुसला आणि खाली उतरून घरी गेले. मामा तेवढ्यात आले असते तर सगळं तिथेच बोलून झालं असतं. पण ते आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सोमवार. भाऊ नेहमीच्या वेळी गेले. मामा नेहमीसारखे पट्टी घेऊन हजर. झाकण उघडलं. तळाशी थोडंसं पाणी.

"किती, भाऊ?" मामांनी विचारलं. दर सोमवारी विचारायचे तसंच.

भाऊंनी पट्टीवर बघून आकडा सांगितला. मामांचा चेहरा खुलला. "वहिनी जिंकणार!"

भाऊंनी मान हलवली.

आता सांगायची गोष्ट ही, की भाऊंना त्या क्षणी सगळं कळलं होतं आणि ते काही बोलले नाहीत. ते का बोलले नाहीत हे ज्याने कोणाला गमावलंय त्याला समजेल. गुरुवारी मॅडमकडे बैठक होती. तिथे दोन पावसाळ्यांचे आकडे मांडायचे होते. पहिल्या वर्षी झाडं लहान होती हे धरलं तर आकडे गोधडीच्या बाजूने होते. डोंगरावर झाडं लागणार होती, सगळ्या डोंगरावर, आणि भाऊंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसतो. उरलेलं आयुष्य सकाळी चहा करताना त्यांना ती झाडं दिसली असती. त्यासाठी करायचं काहीच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. शिवाय मनाची समजूत घालायला कारणंही होती. झाडं वाढतील. आणखी काही पावसाळ्यांनी खरंच सगळं पाणी पितील. तिने म्हटलं होतं तसं.

त्या सोमवारी संध्याकाळी भाऊ घरी आले, बूट काढले, हात धुतले, आणि तसबिरीसमोर गेलेच नाहीत. पाठ करून जेवायला बसले.

मंगळवारी ऑफिसच्या पिशवीचा बंद तुटला म्हणून ते पायथ्याच्या वस्तीत गेले. तिथे एक शिंपीणबाई होती, रस्त्यालगतच्या खोलीत दारातच मशीन टाकून बसायची. बोलायला तिखट, हाताने चोख. मशीनच्या शेजारी पाण्याने भरलेले डबे ओळीने लावलेले होते. समोरच तो हातपंप, कोणी पाणी पिऊ नये म्हणून दांडा तारेने बांधलेला, अंगाला लाल रंग फासलेला.

"या भाऊ. रेनकोटवाले ना तुम्ही?" ती म्हणाली. "तुमचा नवरा-बायकोचा सामना वस्तीतसुद्धा ठाऊक आहे. वहिनी यायच्या इथे. ब्लाऊज माझ्याकडेच टाकायच्या." मग पिशवी त्यांच्या हातातून घेतली. "वाईट झालं हो."

"हं," भाऊ म्हणाले.

"तुमचं ठरतंय कधी? पंप कधी उघडणार?"

"पांघरूण घातल्यावर लगेच नाही उघडत. खालचं पाणी निवळायला वेळ लागतो."

"लागू दे की. कुठे तरी सुरुवात तर होऊ दे. टँकरच्या रांगेत उभी राहते मी, मशीन बंद ठेवून. सासू म्हणते, तू शिवतेस कमी आणि पाणी भरतेस जास्त." तिने पिशवीचा बंद शिवून दोरा दाताने तोडला. "झाडांचं करा बाई ते. वहिनी म्हणायच्या, वस्तीला सावली होईल. झाडं लावली की काळं पाणी थांबेल ना?"

भाऊंनी पिशवी घेतली, उलटी करून टाके बघितले. टाके छान होते. "बघू," म्हणाले, आणि एवढं म्हणताना त्यांना तिच्या तोंडाकडे बघता आलं नाही.

परत जाताना त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. कुठल्या तरी चौकाचं उद्घाटन होतं. वरून हुकूम आला की रोपवाटिकेतली सगळी मोठी झाडं कुंड्यांसकट पाठवा. त्यातल्या निम्म्यांची मुळं कुजली होती. वरून हिरवीगार, आठवडाभर सहज टिकली असती, आणि उद्घाटनाला तेवढं पुरे होतं. बायकोने पाठवली नाहीत. बोलणी खाल्ली, पण पाठवली नाहीत. घरी येऊन म्हणाली, "वर काय दिसतं ते मला दाखवू नका म्हटलं. कुंडी उलटी करा आणि मुळं बघा."

भाऊंनी स्कूटर वळवली आणि डोंगराकडे घेतली.

मामा फाटकाजवळच्या खोलीत कंदिलाची काच पुसत होते. भाऊ दारात उभे राहिले. बसले नाहीत.

"मामा, रविवारी दुपारी मी आलो होतो."

मामांचा हात थांबला. काच त्यांनी हळूच खाली ठेवली, फुटू नये म्हणून फार जपून.

"किती काढता?"

"बादल्या मोजल्या नाहीत, भाऊ."

"कधीपासून?"

"वहिनी गेल्यावर पहिला पाऊस पडला तेव्हापासून." मामा उठून उभे राहिले. घाबरून नव्हे, उभं राहूनच बोलायचं असतं असं वाटून. "पिंप भरलेलं दिसलं, भाऊ. म्हटलं, आता हे मोजणार आणि झाडं जाणार. वहिनींनी मला सांगितलं होतं, झाडं सांभाळा. तुमच्यासमोर सांगितलं. मी काय करणार? मला दुसरं काय कळतंय त्यातलं?"

"तिने झाडं सांभाळा म्हटलं होतं. पिंप रिकामं करा नव्हतं म्हटलं."

"पिंप भरलं तर झाडं कशी राहतील?"

भाऊ मग खाटेच्या कडेला टेकले. बाहेर डोंगरात खोचलेल्या गॅसच्या नळीतून हवा सुटल्याचा बारीक आवाज येत होता, डोंगर आतून अजून धुमसत असतो तो.

"मामा," भाऊ म्हणाले, "मी दर सोमवारी घरी जाऊन तिला सांगत होतो. जिंकतेस म्हणून."

मामांनी तोंडावर हात धरला. "आई शप्पथ, भाऊ, मला हे ठाऊक नव्हतं."

"तुम्हाला कसं ठाऊक असणार."

"नोकरी जाईल का माझी?"

"पिंपाला कुलूप लावायचं काम माझं होतं," भाऊ म्हणाले. "ते मी लावलं नव्हतं."

गुरुवारच्या बैठकीत भाऊंनी तेच सांगितलं. ह्या पावसाळ्याचे आकडे धरू नका, पिंप उघडं राहिलं, त्यातलं पाणी काढलं गेलं आहे, चूक माझी. मॅडम कमी बोलणाऱ्या, पण त्या दिवशी बोलल्या.

"भाऊ, वर सगळ्यांना झाडं हवी आहेत. बागेचं चित्रसुद्धा काढून झालंय. आणि तुम्हीच येऊन सांगताय, आकडे खोटे?"

"हो."

"पाणी काढलं कोणी?"

"कुलूप माझ्याकडून राहिलं, मॅडम."

"मी ते विचारलं नाही."

"माझं उत्तर तेच आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "घरी नीट आहात ना?" असं विचारलं, आणि वाट न बघता पुढे म्हणाल्या, "पाऊस अजून आहे. आज कुलूप घाला, किल्ली माझ्याकडे द्या. पाऊस संपता संपता सगळ्यांसमोर उघडू. जे निघेल ते."

त्या शेवटच्या दिवसांत पाऊस थोडा पडला, पण पडला. रोज घरी येऊन भाऊ खिडकीतून डोंगर बघायचे. खरं सांगायचं तर ते मनातल्या मनात म्हणायचे, नको भरू. इंजिनिअर माणूस, सगळं गणित ठाऊक असलेला, पत्र्याच्या पिंपाला विनवत होता. माती आधीच भिजून तुडुंब झालेली होती. आता ती आणखी पाणी कुठे ठेवणार, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. पण मन ऐकत नाही.

उघडायच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. मॅडम आल्या, बागेचं चित्र काढणारा आला, वस्तीतून काही माणसं आली आणि त्यांच्यात शिंपीणबाईही आली, गळ्यात मोजायची टेप तशीच. मामा मागे उभे होते. आधी रेनकोटचं पिंप उघडलं. तळ नुसता ओलसर. मग गोधडीचं. किल्ली फिरली, झाकण निघालं, आणि कोणालाच पट्टीची गरज लागली नाही. आभाळ त्यात स्वच्छ दिसत होतं.

"एवढं सगळं आत जाणार?" शिंपीणबाईने विचारलं.

"हे एका वाफ्याचं आहे," भाऊ म्हणाले. "डोंगर केवढा आहे ते बघा."

"आणि ते आमच्याकडे येणार. काळं होऊन."

"हो."

ती तुतीकडे बघत राहिली. "झाडं आम्हालाही हवी होती हो, भाऊ. पण सावलीत बसून तेच पाणी प्यायचं का?"

मॅडमनी भाऊंकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. भाऊ म्हणाले, "रेनकोट." एवढाच शब्द. ह्या शब्दावर आजवर खातं हसत आलं होतं. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

घरी आल्यावर ते तसबिरीसमोर गेले. "हरलीस," म्हणाले. "पैजेप्रमाणे उद्यापासून चहा तू करायचास." आणि तिथेच खाली बसले. इस्पितळातून परत आल्यापासून जे रडू आलं नव्हतं ते त्या दिवशी आलं. तेवढ्यात लेकीचा फोन वाजला. त्यांनी तो घेतला, आणि जेवलात का ह्या प्रश्नाला पहिल्यांदाच "नाही" म्हणाले.

लेक पुढच्या सुट्टीला आली. तोवर डोंगरावर यंत्रं चढली होती. चिकणमाती दाबण्याआधी माथा साफ करायचा होता, म्हणजे वाफे जाणार. भाऊंनी रोपवाटिकेतून दोन माळी मागून घेतले आणि झाडं मुळांसकट काढायचं ठरवलं. मामा स्वतः खोदायला उतरले. लेकीने नको नको म्हटलं तरी ऐकेनात.

कण्हेरी सहज निघाल्या. तुती निघेना. मामा खोदत गेले, पुरुषभर माती काढली, आणि खाली तबक लागलं. तुतीचं मुख्य मूळ तबकापर्यंत पोचलं होतं. पत्रा लागल्यावर ते थांबलं नव्हतं. आडवं वळून पत्र्यावरून सरकत काठापर्यंत गेलं होतं, आणि काठावरून पुन्हा खाली, सरळ कचऱ्यात. मामांनी ते हाताने मोकळं केलं तेव्हा त्याच्या टोकाला एक चिंधी निघाली. मुळाने तिला असं गुंडाळलं होतं की वेगळी करता येईना. कुठल्या तरी घरातल्या परकराची नाडी असावी.

"बघा," भाऊ म्हणाले. "मूळ जिथून गेलं तिथून पाणीही गेलं असतं."

लेक वाकून बघत होती. "आईला हे कळलं असतं तर?"

"आधी मला बोलली असती. तुमचं तबकच लहान होतं म्हणाली असती." भाऊंनी मूळ हातात घेतलं. "मग गप्प झाली असती. मूळ खोटं बोलत नाही हे तिचंच म्हणणं होतं."

"तुझी आई फार भांडकुदळ होती हो," मामा खड्ड्यातून म्हणाले, आणि स्वतःच दचकून गप्प झाले. मग लेक हसायला लागली, भाऊही थोडे हसले, आणि मामा डोळे पुसत कुदळ शोधायला लागले. ती त्यांच्या हातातच होती.

मूळ तोडावं लागलं. सगळं मूळ घेऊन झाड हलवता येत नाही.

पायथ्याशी, गटाराच्या पलीकडे, वस्तीला लागून एक पट्टा आहे. तिथे खाली कचरा नाही, मूळची जमीन आहे. पांघरुणाची हद्द त्याच्या अलीकडे संपते. बागेचं चित्र त्या पट्ट्यापुरतं लहान करून मॅडमनी मान्य करून घेतलं. कण्हेरी आणि बाभळी तिथे लावल्या. तुती शिंपीणबाईच्या दारासमोर, हातपंपापासून जरा दूर. लावताना फांद्या छाटल्या. उरला तो नुसता बोडका बुंधा, दांडक्यासारखा. शिंपीणबाई म्हणाली, "हे काय, झाड म्हणालात आणि खांब पुरलात."

पाच-सहा महिने काम चाललं. काळी चादर पट्ट्यापट्ट्यांनी डोंगरावर चढत गेली. उन्हात ती तापून फुगायची आणि गार पडली की बसायची. जोड वितळवणारे गुडघ्यावर रांगत पुढे सरकायचे. भाऊ प्रत्येक जोड तपासायला जात. कोणी म्हणालं, भाऊ, एवढं बारीक बघू नका, कोण बघणार आहे खाली. भाऊंनी तो जोड पुन्हा करायला लावला. मग वर माती आली, मग गवत. खिडकीतून आता डोंगर हिरवा दिसतो, सपाट हिरवा, एकही झाड नाही. वारा आला की गवतावरून एक रेघ पळत जाते. भाऊ चहा करताना ती बघतात. कप एकच काढतात, पण फडताळातला दुसरा जागेवर आहे की नाही हेही बघतात.

बाकीची झाडं लागली. तुतीला मात्र पालवी फुटेना. शहरातल्या इतर तुतींना फुटून गेली तरी ती तशीच. मामा रोज जाऊन बघायचे आणि परत यायचे. आता त्यांना राखण करायला फक्त गवत उरलं होतं, आणि गवत कोणी चोरत नाही.

एका शनिवारी भाऊ गेले. शिंपीणबाईचं मशीन चालू होतं, ते थांबलं.

"गेली का हो?" तिने दारातून विचारलं. "मी तर वहिनींनी सांगितलंय म्हणून मामा म्हणतात तेवढंच पाणी घालते. जास्त नाही घातलं."

भाऊ बुंध्यापुढे खाली बसले. गुडघे वाजले. अंगठ्याचं नख त्यांनी वरच्या टोकाशी ओढलं. आत तपकिरी, कोरडं. थोडं खाली ओढलं. तपकिरीच. आणखी खाली, मध्यावर. मग थांबले. पुढे बघायचं नाही असं एकदा मनात आलं.

मग अगदी जमिनीशी, जवळजवळ मातीत बोट घालून, त्यांनी साल सोलली.

शिंपीणबाई मशीन सोडून येऊन उभी राहिली होती. "काय आहे?"

"वरची गेलीये."

"आणि खाली?"

भाऊंनी बाजूला सरकून तिला जागा करून दिली. तिला नीट दिसेना म्हणून ती वाकली, मग खालीच बसली. नखाएवढी जागा होती, ओली आणि हिरवी.

"कात्री आहे का मोठी?" भाऊंनी विचारलं. "वरचं कापायला हवं."

"कापडाची आहे. लाकडाला लावाल तर धार जाईल."

"मग करवत बघा कुणाकडे."

ती उठली आणि करवत आणायला शेजारी गेली. भाऊ तिथेच बसून राहिले, सोललेल्या जागेला ऊन लागू नये म्हणून हाताची सावली धरून.